आई, त्या रविवारी तू उभी राहिलीस

आई, परत कागद घेऊन बसलेय. मघाशी दोन ओळी लिहिल्या आणि उठले, उगाच पडवीत फेऱ्या मारून आले. तुझ्याबद्दल स्वस्थपणे लिहायला मला अजून जमत नाही. चर्चच्या मंडळीतले जुने लोक भेटले की म्हणतात, तुझी आई किती शांत बाई, कधी आवाज चढला नाही तिचा. मी मान हलवते. ते खोटं बोलत नाहीत. पण तू आधी तशी नव्हतीस, हे ठाऊक असलेली आता मीच उरलेय.

साल बावन्न असेल, नाहीतर त्रेपन्न. आपण जुन्नरला, कल्हईवाल्यांच्या शेजारच्या खोल्यांत राहायचो. तू मुलींच्या शाळेत शिक्षिका, आणि वडील मंचरच्या दवाखान्यात कंपाउंडर, शनिवारी घरी येणारे. तुझा हात फार लवकर उठायचा. मारून झालं की तू रडायचीस, गुडघे टेकून प्रार्थना करायचीस, आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. मला मारापेक्षा त्या प्रार्थनेचा जास्त राग यायचा. एका शनिवारी तू खळ घालून, इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या पातळावर मी चुलीवरून उतरवलेली काळी किटली ठेवली. तुझ्या हातात फुंकणी होती. पहिला फटका मी मनगटावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला. हाडवैद्याला तू सांगितलंस, पोरगी पायरीवरून पडली. वडील आले, त्यांनाही तेच. मीसुद्धा म्हणाले, हो, पडले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर बसलेल्या, माझा हात झोळीत, जो तो विचारतोय आणि तू तेच उत्तर देतेयस. भाकरीचं ताट तुझ्यापुढे आलं. तू तुकडा न घेताच ते पुढे सरकवलंस आणि उभी राहिलीस. ‘पोर पडली न्हाई,’ तू म्हणालीस. ‘मी मारलं तिला. नेहमीच मारते.’ एरवी वर्गात पुस्तकी बोलणारी तू, त्या दिवशी तुझ्या माहेरच्या अवसरीचं बोलत होतीस. पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘बाई, बसा. घरी येऊन बोलू.’ ‘न्हाई साहेब. खोटं सगळ्यांफुडं सांगितलं, खरं बी सगळ्यांफुडंच सांगते.’ वडिलांनी मान खाली घातली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

घरी येऊन तू माझ्यासमोर जमिनीवर बसलीस. ‘मला माफ करशील?’ मी विचारलं, ‘परत मारशील?’ कुठल्याही आईनं नाही म्हटलं असतं. तू म्हणालीस, ‘मला म्हाईत न्हाई गं. माझ्या एकटीच्यानं व्हत न्हाई, एवढं कळलंय. प्रभूला रोज हात धर म्हणून सांगीन.’ मी माफ केलं म्हणाले नाही.

आणि तू मारलंसच. महिना झाला नसेल, एक थोबाडीत. पण या वेळी तू रडत बसली नाहीस. ‘प्रभू, धर माझा हात,’ असं मोठ्यानं म्हणालीस आणि निवडायच्या तांदळाचं सूप उचलून शेजारच्या कल्हईवाल्यांच्या खालाकडे गेलीस. तेव्हापासून तेच सुरू झालं. आवाज चढायला लागला की तू वाक्य अर्धं टाकायचीस आणि सूप घेऊन निघायचीस. खाला काही विचारायची नाही. एकदाच म्हणाली, ‘बाई, तुमचा देव तुमाला सारखा हितं धाडतो, तुमच्यासंगं माजं बी निवडण व्हतंय.’ तू हसलीस. वडील म्हणायचे, हे असं किती दिवस? तू म्हणायचीस, मरेपर्यंत लागलं तर मरेपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. तुझा हात उठला. मी डोकं दोन्ही हातांत लपवलं. काहीच पडलं नाही. वर बघते तर तू भिंतीला टेकून उभी होतीस, ओठ हलत होते. मग खाली बसलीस, म्हणालीस, ‘हलू नको, पायात काच जाईल,’ आणि एकेक तुकडा वेचू लागलीस. त्यानंतर तू मला कधी मारलं नाहीस. तुझा हात थांबला, पण माझं डोकं लपवणं थांबायला फार वर्षं लागली. तू जवळून नुसती गेलीस तरी माझे खांदे आक्रसायचे. तुला ते दिसायचं. तू कधी म्हणाली नाहीस की आता तरी विश्वास ठेव. जरा लांबून जायला लागलीस, एवढंच.

आता मी तुझ्या शेवटच्या वयापेक्षाही म्हातारी झालेय. माझाही हात शिवशिवतो. काल नातवानं औषधाची बाटली सांडली, तेव्हा मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले आणि तुझेच शब्द बोलले. प्रभूनं ते ऐकले असं वाटतं, आणि तरी आत काही स्वस्थ होत नाही. लोकांसारखं मलाही म्हणायचंय की माझी आई शांत होती. पत्र इथवर आलंय, पण तुला क्षमा केली हे वाक्य लिहायला घेतलं की हात अडतो. केलीय गं, कधीचीच केलीय. फक्त तुझी अजून थोडी भीती वाटते.