बंबातली गिटार

३ फेब्रुवारी १९९६
माझ्या धाकट्यावरचं, रवीवरचं पुस्तक पोस्टानं आलं. कव्हरवर पोरगं उघडंवाघडं, केस बायकांसारखे, तोंड वासलेलं. दातांच्या डॉक्टरपुढं बसल्यागत. सोनी म्हणाली, "आजी, रॉकवाले असेच असतात." सोनी म्हणजे थोरल्याची पोर, बारावीला आहे. असतात तर असोत. बनियन घालायला काय जातं?
लिहिणारा अभय. गेल्या वर्षी अकरा दुपारी माझ्या ओट्यासमोर पाटावर बसून टेप लावायचा. थालीपिठं खाल्ली, ताक प्याला, आजी आजी केलं. शेवटच्या दिवशी मी बजावलं, बाकीचं छाप नाहीतर चुलीत घाल, बंबाचं तेवढं छाप. त्यानं शब्द दिला. माझी शाळा चौथीपर्यंत, एवढं जाड पुस्तक झेपत नाही. सोनी रोज संध्याकाळी वाचून दाखवणार.

५ फेब्रु.
शाळा, पळून जाणं, गोव्यातली अटक, गर्दच्या पुड्या, कार्यक्रमांवर बंदी. सगळं आहे. खरं आहे ते आहे. बंब अजून आला नाही.

६ फेब्रु.
आला. 'त्या दिवशी बापाने कोवळ्या कलावंताचं काळीज बंबात कोंबलं.'
सोनीला म्हटलं, परत वाच. परत तेच.
मेल्या अभय. माझं मीठ खाऊन.
गिटार मी जाळली. ह्यांनी नाही. एकोणीस वर्षांचा घोडा, ह्यांनी साहेबाच्या पाया पडून कंपनीत अप्रेंटिसची मुलाखत लावली, आणि हा ती बुडवून गेला उल्हासनगरच्या कॅम्प पाचला कुणाच्या हळदीत वाजवायला. आला, गिटार कोपऱ्यात टेकवली आणि परत बाहेर. माझं डोकं फिरलं. कोयत्यानं फोडली, बंबफोडीसारख्या ढलप्या केल्या, घातल्या बंबात. साडेतीनला हे फर्स्ट शिफ्ट करून आले. दारातूनच, "वॉर्निशचं लाकूड कोणी घातलं?" मागोमाग रवी आला. "कोणी जाळली?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी."
बस. पुढची सगळी वर्षं तेच.

७ फेब्रु.
काल लिहायचं राहिलं. हे बॉयलर अटेंडंट. सर्टिफिकेट भिंतीवर आहे अजून. बंबात वॉर्निशचं लाकूड घालायचं नाही, तांबं खराब होतं, हा घरातला कायदा ह्यांचाच. मला कितीदा बोलले असतील. असला माणूस गिटार बंबात घालील? अभयला एवढी पण अक्कल... अक्कल आहे. मी स्वतः सांगितलंय त्याला, टेपवर.

११ फेब्रु.
शेजारच्या कुलकर्णीबाई पुस्तक छातीशी धरून आल्या. वाचनालयात नंबर लावून मिळालं म्हणे. डोळे पुसत, "किती सोसलंत हो! आम्हाला वाटायचं, किती शांत माणूस."
म्हटलं, "शांतच होते."
"आता तरी झाकू नका हो."
म्हटलं, "गिटार मी जाळली." बाईंनी माझा हात थोपटला. हात! "बायकांची जातच अशी, नवऱ्याचं पाप पदरात घेते."
उद्यापासून ह्या बाईला विरजण द्यायचं नाही.

१४ फेब्रु.
कॅम्प पाचला पापड पोचवायला गेले. तिथली दुकानवाली सिंधी भाभी, तिच्या पोरानं तिला गोष्ट सांगितलेली. "अम्मा, आपका आदमी तो बडा जालिम निकला! मेरे ससुर ने भी हार्मोनियम फेंका था." म्हटलं, "हमारेवाले ने कुछ नहीं फेंका. मैंने जलाया." तिनं ऐकलंच नाही. पापड मोजताना ते रवीचं गाणं गुणगुणत होती. 'बाप मेरा आग का नौकर.' त्याच गाण्यावर मोठा झाला ना. आधी बापाला भट्टीचा नोकर म्हटलं, मग त्याच भट्टीवर भाकऱ्या भाजल्या.

२० फेब्रु.
पत्रं यायला लागली. अभयनं मागे पत्ता छापलाय, 'कलावंताच्या आईस लिहा'. मी काय हळदीकुंकवाला बोलावलंय?
सांगलीची कॉलेजची पोरगी, आई तुम्ही ग्रेट. पुण्याचा कोणी, बापाच्या चितेला रवीनं अग्नी दिला नाही ते योग्यच केलं, टाळ्या. टाळ्या लिहिलंय खरंच.
दोन वर्षं होतील. ह्यांना थोरल्यानं अग्नी दिला. रवी पुण्यात होता. पुण्याहून अंबरनाथ काय लंकेत आहे?

२२ फेब्रु.
म्हात्रे आले. ह्यांच्याबरोबर एमआयडीसीत एका बॉयलरवर वीस वर्षं. बदलापूरच्या पुढचे, भातशेती होती, आता जमिनीत चाळी. वाचता येत नाही, कोणी तरी सांगितलं. ओटीवर टेकले पण नाहीत.
"वयनी, त्या पुस्तकवाल्याचं तंगरं मोरू का?"
"नको. पोलीस तुम्हाला धरतील."
"तो मानूस कोलसा पन जपून टाकायचा, वयनी. जपून."
चहा घेतला नाही. खाली मान घालून गेले. एवढ्या वाचणाऱ्यांत हा एक न वाचलेला शहाणा.

२७ फेब्रु.
आजच्या पत्रानं जेवण गेलं नाही. मिरजेचा पोरगा, बावीस वर्षांचा. 'पुस्तक वाचून मी वडिलांशी बोलणं सोडलं आहे. त्यांनी माझा तबला विकला होता.'
सोनीला बसवलं, कार्ड लिहायला लावलं. 'बाळा, पुस्तकात खोटं आहे. गिटार आईनं जाळली. तू तुझ्या बापाला विचार, नक्की कोणी विकला.' सही मीच केली, वेडीवाकडी. सोनी लिहिताना रडत होती. म्हटलं, शाई फुटेल, आधी कार्ड लिही.

२ मार्च
कुलकर्ण्यांच्या फोनवरून अभयला फोन केला. (विरजण परत सुरू करावं लागलं.) म्हटलं, थालीपीठ लावते, ये. आणि तुझी टेप आण.

३ मार्च
आला. टेप नाही आणली, कागद आणले. टाइप केलेले. "आजी, मी लिहिलं होतं. तुम्ही सांगितलं तसंच. हे बघा." बंबाचं अख्खं पान होतं. कोयता, ढलप्या, वॉर्निश, "मी" म्हणणं, सगळं. त्यावर तांबड्या पेनानं तिरकी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाजूला तीन शब्द. 'मग गाण्याचं काय?'
अक्षर बघायला मला चष्मा लागत नाही. अक्षरांवरची आडवी रेघ लहानपणापासून देत नाही रवी. त्यासाठी मास्तरांचा मार खाल्ला, तरी नाही.
"कधी खोडलं?"
"गेल्या दिवाळीत. एक दिवस पान स्वतःकडे ठेवून घेतलं. मग खोडलं."
म्हणजे दिवाळीपासून त्याला माहीत आहे. माहीत असून.
अभय म्हणाला, "परवानगी नव्हती, आजी, काय करणार." मी म्हटलं, "थालीपीठ खा, गार होतंय." शिव्या द्यायला आता तो पुरत नव्हता.

४ मार्च
गिटार जळली त्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना विचारलं होतं, माझं नाव का नाही घेतलं? बंबाची नळी घासत होते. "माझ्यावर रुसला तर तुझ्याकडे जेवायला येईल. तुझ्यावर रुसला तर कुणाकडे येईल?"
आणि घर सोडून गेला तरी येतच राहिला. ह्यांची पाळी विचारून यायचा. हे कामावर असले की आमटीभात खाऊन जायचा. मी वाढायची. मी पण सांगितलं नाही. एकदा पण नाही. आयतं मिळत होतं, म्हणून गप्प बसले.
तांबड्या पेनाला काय बोलू. माझं पेन तर बिनशाईचंच होतं.
पण हे पण खरं, की मी शेवटी सांगितलं. त्यानं कळल्यावर खोडलं. हे दोन सारखे नाहीत. नाहीत.

९ मार्च
रवीचा फोन, कुलकर्ण्यांकडे. "आई, सतरा तारखेला उल्हासनगरात पुस्तकाचा कार्यक्रम आहे. हॉल फुल्ल. तू स्टेजवर बसायचं हं. लोकांना तुला बघायचंय."
"बसते."
"काही बोलावं लागणार नाही."
"माहितीय. तू येशील ना घरी आधी?"
"येतो. तुझ्या बंबाच्या पाण्यानं अंघोळ करतो."
कुलकर्णीबाई शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. बाईंना नळ आहेत डोळ्यांत.

१६ मार्च
माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्या दिवशी राखेत सगळं जळलं, पण गिटारच्या तारा पिळायच्या सहा चाव्या उरल्या होत्या. लोखंडी. हे राख चाळून त्या वेचत बसले होते. घासून तेल लावून ह्या डब्यात ठेवल्या. दर दिवाळीला तेल बदलायचे. मी विचारलं नाही कशाला.
आज पाहिल्या. एकीलाही गंज नाही.
सोनी म्हणते, स्टेजवर सांग सगळ्यांपुढं. मी म्हटलं, ह्यांनी चारचौघांत कधी कोणाचा पाणउतारा केला नाही. बघू.

१७ मार्च
रवी दुपारी अडीचला आला. केसांत पांढरं दिसायला लागलंय. पाया पडला, भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बघितलं नाही. मी बंब सकाळीच चिंचेनं घासून लख्ख केला होता. बंबफोड घातली, साधी, आंब्याची.
"साबण कुठं आहे?"
"बंबाच्या बाजूला, बिस्किटांच्या डब्यात."
गेला आत. तोटी सोडल्याचा आवाज. दोन तांबे पडले. मग थांबला. मग पत्र्याचं झाकण. ते झाकण मला अंधारातसुद्धा ओळखू येईल, घट्ट बसतं, उघडताना टप् करतं.
आता पाण्याचा आवाज नाही. तोटी ठिबकतेय तेवढी.
गाडी चार वाजता न्यायला येणार. सोनी दारात उभी, मला खुणा करतेय, जा ना आत, विचार ना. मी नाही हलत. मी मोरीच्या दाराबाहेर पाटावर बसून लिहितेय. टॉवेल माझ्या मांडीवर आहे. तो मागेल, तेव्हा बघू.