नंदाला घेऊन मुरूडला

सुलभा,

तू देवळातून येशील तोवर मी आणि नंदा शिळफाट्याच्या पुढे असू. पनवेलवरून अलिबाग, मग किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड. सायकली ठणठणीत आहेत, माझे गुडघेही.

‘पाहुणे बघायला येणार, मुलगी उन्हात रापेल,’ असं तू काल म्हणालीस. नंतर ती मला म्हणाली, ‘बाबा, लग्नानंतर मला कोण जाऊ देणार?’ म्हणून लग्नाआधीच निघालो.

ठाण्याच्या पाहुण्यांना शेजारच्या गोदूबाईंच्या फोनवरून खरं ते सांग. मुलगी बापाबरोबर सायकलने समुद्रावर गेलीय म्हणावं. हे ऐकूनही ज्यांना यायचं असेल, त्यांनी पुढच्या रविवारी जरूर यावं. पोहे मी करीन.

महिपत