लेखक : ताई

४ मार्च
पॅच परत आला. पुन्हा. या वेळी कोडमध्ये चूक नाही — माझ्या मेलच्या प्रोग्रॅमनं लांब ओळी मधेच तोडल्या, म्हणून तो तिकडे लागेचना. प्रकल्प सांभाळणारा तो खडूस लिहितो, 'आधी मेल नीट पाठवायला शिका.'

बाबांनी विचारलं, "पॅच म्हणजे ठिगळच ना?" म्हटलं, ठिगळच. कीबोर्डच्या प्रोग्रॅमला लावायचं. तुमचा हात थरथरला की एकच अक्षर चारदा उमटतं, ते थांबेल. आणि एकदा त्यांनी घेतलं की सगळ्यांनाच मिळेल. हसले. "म्हणजे जगातल्या सगळ्या थरथऱ्यांची सोय केलीस."

५ मार्च
ताई म्हणाली, "मला दे, मी पाठवते. मला ओळखतात तिथे." जीव भांड्यात पडला. कामावर, दवाखान्याच्या खिडकीत पेशंटांची नावं लिहिताना मी गुणगुणत होते बहुतेक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लॉटरी लागली का.

११ मार्च
खडूसानं घेतला पॅच! 'सुबक काम' असं लिहिलंय. त्यानं!

मग वर पाहिलं. लेखक : ताई. पाठवणारी नाही — लेखक. खाली लोक तिचं अभिनंदन करतायत आणि ती एकेकाला धन्यवाद देतेय. माझं नाव कुठेच नाही. शेवटपर्यंत गेले, परत वर आले. नाही.

१२ मार्च
ताई भांडी विसळत होती. विचारलं. नळ चालूच ठेवून म्हणाली, "घरातलंच तर आहे. तुझं काय नि माझं काय."
"मग माझं नाव घालायचंस."
"आता नाही बदलता येत."
ते खरं आहे. एकदा आत गेलं की गेलं.
"चुकून झालं का?"
"नाही."
निदान खोटं तरी बोलायचं.

१४ मार्च
ताईच्या कंपनीत माणसं कमी करतायत. तिला ठेवलं. साहेबांनी त्या पॅचचं कौतुक केलं म्हणे. बाबांचे डोळे भरून आले. मी अर्ध्या जेवणावरून उठले.

१५ मार्च
बोलले. नको नको ते बोलले. प्रोग्रॅम लिहायला हिनंच शिकवलं मला, शेजारी बसून, माझ्या चुकांवर न चिडता. त्याचं काय एवढं मोल वसूल करायचं? 'तुला स्वतःला काही सुचत नाही, म्हणून माझं ओरबाडलंस' — इथपर्यंत गेले. ती ऐकत राहिली. एकदाही उलटून बोलली नाही. त्याचाच जास्त राग आला.

१८ मार्च
ताई मैत्रिणीकडे राहायला गेली. थोडे दिवस, म्हणाली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. बरंच झालं.

खोली मोठी वाटते.

१९ मार्च
बाबांना सांगितलं, खडूसाला सगळं लिहून कळवतेय. ते टाइप करता करता थांबले.

"नको. मीच सांगितलं होतं तिला, स्वतःचं नाव घाल म्हणून. नोकरी जात होती तिची. ती तयार नव्हती, मीच गळ घातली."

मी एवढं तोडून बोलले, तरी ताईनं बाबांचं नाव घेतलं नाही.