जसं सोडलं तसं

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. गाडी वेळेवर, जागा स्वच्छ, आणि खोलीला चक्क खिडकी आहे. आमच्या धंद्यात ही चैनच म्हणायची. नकाशे जपून ठेवणाऱ्या संस्थेचं हे कोठार वस्तीपासून जरा लांब आहे. दोन खोल्या. एकीत काचेमागे सर्व्हर, दिवसभर गुरगुरत असतो. दुसरीत टेबल, खुर्ची, पडदा, पलंग आणि चहाची किटली. इथे कामाला कुणी बसत नाही. झाडलोटीला आठवड्यातून एकदा एक काका येतात, तेवढंच. नकाशे काढणाऱ्या सगळ्याजणी आपापल्या घरून या सर्व्हरवर काम करतात.

सर्व्हरची प्रणाली मुक्त आहे, कुणाच्या बापाची नाही. आजवर ती नुसत्या काळ्या पडद्यावर चालायची: हुकूम टाइप करा, उत्तर वाचा. मला तेच आवडतं. पण नकाशावाल्यांना खिडक्या हव्यात, चित्रं हवीत, माउस हवा. तेव्हा एक बरासा डेस्कटॉप निवडायचा, बसवायचा आणि शनिवारी घर गाठायचं. पुढची देखभाल मीही घरूनच करणार. त्यासाठी तर ही नोकरी घेतली. ठकू तीन वर्षांची आहे, तिला पाच झोपा सांगितल्यात. सासूबाईंनी निघताना बजावलं, पोरीला पाच सांगितल्यास ना, मग सहावी होऊ देऊ नकोस.

ही रोजनिशी सर्व्हरवरच्याच फाईलमध्ये लिहितेय. लिहिणंही होतं, तपासणंही.

५ मार्च, मंगळवार

आज तीन स्थळं पाहिली.

पहिला डेस्कटॉप भरजरी. खिडकी उघडली की डुलत येते, बंद केली की विरघळत जाते. दिसायला झकास, पण सर्व्हरच्या निम्म्या मेमरीवर एकटाच ताव मारतो. चार दिवसांचा पाहुणा म्हणून ठीक, जावई म्हणून नको. दुसरा बरा होता, पण त्यात जे दिसेल ते इकडचं तिकडे हलवता येतं. म्हणजे नकाशावाल्या हलवणार, हरवणार, आणि शोधायला फोन मला. तिसरा सडपातळ. एक पट्टी, एक मेनू, एक घड्याळ, विषय संपला. लाईन कितीही रडकी असो, हा पटकन समोर येतो.

नवऱ्याला घरून जोडून बघायला सांगितलं. त्याला घरातला चिमटा सापडत नाही, पण मेनू मिनिटात सापडला. काळजी मिटली.

७ मार्च, गुरुवार

तिसराच ठरला. संस्थेच्या मुख्य बाईंचा फोन आला होता. बाईंची एकच अट, पण ती त्यांनी तीन वेळा सांगितली: जसं सोडलं तसं सापडलं पाहिजे. लाईन तुटो, वीज जावो, नकाशावरची रेघ अर्धी होती तर अर्धीच सापडावी, आणि माउसचा बाण होता तिथेच असावा.

तसं करून दिलं. आता कुणी फुली मारून खिडकी बंद केली तरी इथलं सेशन, म्हणजे तिची चालू बैठक, मागे चालूच राहतं. पुन्हा जोडलं की तेच पुढे सुरू. रीतसर लॉग आउट करेपर्यंत ते संपत नाही. सगळ्यांना पत्र पाठवलंय की काम झालं की लॉग आउट करा, उगाच मागे भुतं सोडू नका. करणार कुणी नाही. मी तरी कुठे करते? बारा वर्षं लोकांना शहाणपण शिकवतेय आणि स्वतः रोज फुली मारून उठतेय.

९ मार्च, शनिवार, सकाळ

गाडी आली. चालक हॉर्नवर हॉर्न देतोय, जणू त्याचीच मुलगी घरी वाट बघतेय. चहा अर्धा राहिला, राहू दे. बॅग खांद्यावर आहे, चपला पायात आहेत. फुली मारते आणि निघते. ठकू, आले गं.

९ मार्च, दुपार

कमाल झाली. मी अजून खुर्चीतच आहे.

फुलीवर बाण नेल्याचं आठवतंय. दाबल्याचंही. मग डोळा लागला असणार, दुसरं काय. चार दिवस नीट झोपलेय कुठे? गाडी निघून गेलीये. दार बाहेरून बंद आहे. संतापाने डोकं फुटायची वेळ आली. इथला फोन याच सर्व्हरवरून चालतो, त्यावरून घरी लावला. सारखा व्यस्त.

बॅग सापडत नाहीये. चपलाही नाहीत.

चहा मात्र गरम आहे.

१० मार्च, रविवार

फोन लागला. नवऱ्याने उचलला. मी सरळ भांडायलाच सुरुवात केली, की बायको कालपासून कोंडली गेलीये आणि तुम्हाला चौकशी करावीशी वाटत नाही का. त्याने परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, आपण कोण. म्हणाला, माझी बायको काल दुपारीच घरी आली, आत्ता स्वयंपाकघरात मुलीला भरवतेय.

आणि मागून आवाज आला, कोण आहे म्हणून विचारणारा. तो आवाज माझा होता. ठकू खिदळत होती. तोंडात घास असला की ती तशीच हसते.

तो म्हणाला, हल्ली आवाजाची नक्कल करून लोकांना फसवतात हे आम्ही ऐकून आहोत, पुन्हा फोन केलात तर बघा. ठेवून दिला. आता तिथे फोन लागतच नाही.

मला भीती वाटतेय. थंडीसारखी अंगात शिरलीये. लिहिल्याने कमी होईल वाटलं होतं, नाही झाली.

११ मार्च, सोमवार

भूक नाही. झोप नाही. चहा सहा वेळा प्यायले, संपवून कप उपडा ठेवला. वळून पाहिलं की अर्धा कप, गरम.

खुर्ची उचलून खिडकीवर घातली. काच फुटली, हात कापला. बाहेर उडी मारून पळत सुटले. पायाला खडे टोचत होते. लांब रस्ता दिसला, रस्त्यावर एक सायकलवाला दिसला. त्याला हाक मारायला तोंड उघडलं —

आणि खुर्चीत होते. हात माउसवर. काच अखंड, हातावर ओरखडासुद्धा नाही.

जसं सोडलं तसं. मीच करून दिलंय.

१३ मार्च, बुधवार

काका आले. मी त्यांच्या कानाशी ओरडले, हात धरायला गेले. ते आपले गुणगुणत टेबल पुसत राहिले. माझा कप उचलून धुतला, पालथा घातला. टेबलाकडे पाहिलं तर कप तिथेच.

ते निघाले तशी त्यांच्या मागोमाग दारातून बाहेर पडले. उन्हात. एक पायरी उतरले.

खुर्ची.

१४ मार्च, गुरुवार

कळलं. फुली मारून मी घरी गेले. खरंच गेले. सहावी झोप होऊ दिली नाही.

मागे जे चालू राहिलं, ते मी.

मेनूत लॉग आउट आहे. समोरच. पण लॉग आउट झालेलं सेशन घरी जात नाही. कुठेच जात नाही. ते संपतं. हात धजत नाही.

एकच आशा. ती घरून जोडेल. जोडावंच लागेल, नोकरी आहे तिची. ही फाईल तिला दिसेल. ती मीच आहे, तिला कळेल —

मला कळलं असतं का? कुणीतरी घुसलंय, काढून टाका. एवढंच म्हटलं असतं मी.

१५ मार्च, शुक्रवार, सकाळ

बाण हलला. मी हात लावला नव्हता.

ती आहे. फाईल उघडली. वाचतेय. भराभर खाली सरकवतेय, मी वाचते तशीच —

थांब. मी चोर नाही. मी तू आहे. ठकू झाली तेव्हा तुला आनंदच झाला नव्हता, तीन दिवस नुसती भिंतीकडे बघत होतीस. हे तू कुणाला सांगितलेलं नाहीस. नवऱ्यालासुद्धा नाही. मला माहीत आहे. मी होते तिथे.

बाण थांबलाय.

थांबलाय अजून

ललललललकककल;;;;;

हे तिचं नाही. ठकूचं आहे. मांडीवर घेऊन बसलीये. दिसेल ती कळ दाबते माझी पोर.

ठकू. आई इथे आहे. ठकू

लललल

हो राणी. हो.

मेनू उघडला. का उघडलास? वाचलंस ना सगळं — घाबरलीस. मी असते तर मीही —

लॉग आउट. पडद्यावर प्रश्नाची पेटी आली. सगळं बंद करायचं? हो. नाही.

बाण सरळ जात नाहीये. डगमगतोय. माउसवर छोटा हात आहे आणि त्यावर तिचा. दाब म्हणत असेल. ठकूला आवडतं दाबायला

नको बाळा ते नको, त्याच्या शेजारचं, ठकू, आईचं ऐक, शेजारचं दा