नाव खोडायचं तर पुरावा आणा

राणीसावरगाव,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप लीलाआत्यांना,

स्वरदाचा साष्टांग नमस्कार. सुगतकाकांना माझा जयभीम सांगा.

ही कोण स्वरदा, असं तुम्हाला वाटेल. तुमचे भाऊ गोविंदराव, त्यांची मी धाकटी मुलगी. तुम्ही सुगतकाकांशी लग्न करून परभणी सोडलीत तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तुमचा पत्ता संघप्रिया मॅडमनी दिला. त्या नांदेडहून आमच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. सुगतकाकांच्या हाताखाली शिकल्या म्हणाल्या. फोन नंबरही दिला त्यांनी. तो मी लावला आणि वाजायच्या आत बंद केला, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. बाबा निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशाला लाल पेन असतंच. आईचे गुडघे दुखतात. मी इथं खोली घेऊन राहते आणि जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. मुलं बहुतेक मेंढपाळांची आणि मजुरांची. हुरड्याचे दिवस संपत आले आहेत, दुपारी ऊन चावायला लागलंय.

माझ्या वर्गात काय झालं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. म्हणजे, त्याच्यासाठीही आहे.

'इतिहासाची साधने' हा धडा पुस्तकातून वाचला की पोरं जांभया देतात. ताम्रपट, शिलालेख, नाणी यातलं त्यांनी काही पाहिलेलं नसतं. मी म्हटलं, या वर्षी आपण आपल्या घराचा इतिहास काढू. प्रत्येकानं आपल्या घराचं झाड काढायचं, पण सुरुवात बायांपासून. आजी, तिची आई, तिच्या लेकी. 'अमक्याची बायको' चालणार नाही, नाव पाहिजे. आणि एक नियम घातला: नाव लिहायचं तर पुरावा पाहिजे, कोणीतरी सांगितलेलं पाहिजे. लिहिलेलं नाव खोडायचं तरीही पुरावा पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अर्धी झाडं आजीपाशीच अडकलेली. शिवकन्या नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, तिच्या घरी शेरडं-मेंढरं आहेत. ती सांगायला लागली, "मॅडम, मी आजीला इचारलं, तुझं माहेरचं नाव काय? तर आजी म्हनली, थांब, आठवू दे. लय येळ बसली मग आठवत." वर्ग हसला. ती मात्र हसली नाही.

मुलांना मुलाखत कशी घ्यायची ते येत नव्हतं. पोलिसांनी जबाब घ्यावा तसं विचारायची. सरावाला कोणीतरी म्हातारं माणूस हवं होतं, आणि डिसेंबरात आजी, म्हणजे तुमची आई, हुरडा खायला माझ्याकडे आली होती. मी तिला रिक्षात घालून शाळेत घेऊन गेले.

आजी खुर्चीवर, उन्हात. पोरं भोवताली. लहानपण, शाळा, लग्न असं विचारून झालं. मग शिवकन्यानं विचारलं, "आजी, तुमाला लेकरं किती?"

आत्या, हा प्रश्न आजीला माझ्यादेखत खूप जणांनी विचारलेला आहे. उत्तर ठरलेलं होतं, एक मुलगा. तुमचं नाव आमच्या घरात मी फक्त कुजबुजताना ऐकलंय, तेही स्वयंपाकघरात.

आजी म्हणाली, "दोन. गोविंद आणि लीला."

माझ्या हातात खडू होता. मी फळ्यावर लिहिलं, गोविंद, लीला.

"लीला कुठं असती?"

"नांदेडला. दवाखान्यात नर्स आहे. तिला दोन मुलं आहेत, मी पाहिली नाहीत."

"का न्हाई पाह्यली? नांदेड काय लांब हाय का? रेल्वे जाती की."

"लांब नाही गं. जाऊ दिलं नाही." आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोरींकडे. "आधी आमच्या ह्यांनी. मग मुलानं. मग माझी मलाच सवय झाली."

तुम्ही नर्स आहात, तुम्हाला दोन मुलं आहेत, हे तिला कुठून कळलं ते मी विचारलं, तिनं सांगितलं नाही. परत येताना रिक्षात फक्त एवढंच म्हणाली, "त्या पोरीनं बरं विचारलं. घरात कोणी विचारलंच नाही."

सव्वीस जानेवारीला मुलांची झाडं आम्ही व्हरांड्यात लावली. मध्ये माझं झाड, नमुना म्हणून. वर नर्मदाबाई, खाली गोविंद आणि लीला. झेंडावंदनाला पाहुणे म्हणून मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं होतं, मला न विचारता. निवृत्त मुख्याध्यापक, मॅडमचे वडील, त्यांना वाटलं मी खूश होईन.

बाबा एकेक झाड वाचत आले आणि माझ्या झाडापाशी थांबले. "स्वरदा, ही चूक आहे. दुरुस्त कर."

मी म्हटलं, "चूक नाही बाबा."

"आईच्या माघारी तिच्या नावावर काहीही खपवायचं का?" म्हणाले, आणि खिशाचं लाल पेन काढलं.

आत्या, 'माघारी' हा शब्द तुमच्या नजरेला पडला असेल. मी तो कागदावर येऊ नये म्हणून इतकं सगळं लिहीत बसले. यापुढचं मला 'तुम्ही' म्हणून सांगता येत नाही. घरातल्या आत्याला अगं म्हणतात.

आजी गेली गं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, परभणीला, दवाखान्यात. छातीत कफ झाला होता, दोन दिवसांत आटोपलं. शेवटी शुद्ध नव्हती. हाल झाले नाहीत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. तिला न्यायच्या आधी मी बाबांना म्हटलं, कळवा. ते म्हणाले, "कोणाला?"

त्या एका शब्दाचा राग माझा अजून गेलेला नाही. जाऊही नये असं मला वाटतं. पेपरात त्यांनी बातमी दिली: 'पश्चात एक मुलगा, सून, दोन नाती.' मी ती वाचली आणि ठरवलं की तुझं नाव लावायचं, आणि सगळ्यांना दिसेल असं लावायचं.

तर बाबांनी पेन उघडलं. आणि शिवकन्या मध्ये आली. मी सांगितलेलं नव्हतं. "सर, नाव खोडायचं तर पुरावा लागतो. तुमच्याकडं हाय का?"

बाबा चिडले नाहीत. मास्तरकीत जन्म गेलेला, विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देणारच. म्हणाले, "आहे. पेपरात छापून आलंय, एक मुलगा."

"पेपरात कोणी दिलं?"

"मी दिलं."

"मंग ते तुमचंच म्हननं झालं. आजी आमच्याम्होरं बोलली. समद्या वर्गानं ऐकलंय."

तिच्यामागे माझा सगळा वर्ग उभा होता. बाबांनी पेनाला टोपण लावलं. भाषण केलं नाही, चहा घेतला नाही, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून स्टँडला निघून गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी त्यांच्या मागं धावले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष दत्तराव आले. "मॅडम, गावाच्या घराघरातल्या भानगडी भिंतीला लावायलात तुमी. संध्याकाळपर्यंत काढा." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मी म्हटलं, "लेखी द्या, मी लेखी खुलासा देते. तोवर एक कागद निघणार नाही." बदलीचंही बोलून झालं. करा म्हटलं. इतिहास सगळीकडे आहे.

हे चाललेलं असताना दत्तरावांची आई, सुलाबाई, काठी टेकत फाटकातून आत आली. तिची नात राजनंदिनी माझ्याच वर्गात आहे. सुलाबाई सरळ नातीच्या झाडापाशी गेली. तिला वाचता येत नाही, राजनंदिनीकडून सगळी नावं वाचवून घेतली. मग म्हणाली, "एक कमी हाय. माझी थोरली लेक. लिव."

दत्तराव म्हणाले, "आई, घरी चल."

"तू जा. पळून गेली म्हनून काय पोटची न्हाई व्हय? नाव लिवल्याबिगर मी येत न्हाई." आणि पायरीवर बसली.

राजनंदिनीनं नाव लिहिलं. दत्तराव तिथंच उभे राहिले, खाली बघत. लेखी आदेश काही आला नाही. त्या आठवड्यात गावातल्या बाया दुपारच्या एकेक करून येत राहिल्या, कोणी बहिणीचं नाव सांगितलं, कोणी बाळंतपणात गेलेल्या जावेचं. माझ्याकडचे कार्डशीट संपले, मी गंगाखेडहून आणखी आणले. झाडं अजून भिंतीवर आहेत.

आता मागणं. आठ मार्चला शनिवार आहे, सकाळची शाळा. त्या दिवशी तू माझ्या वर्गात यावंस, काकांना आणि मुलांना घेऊन. वर्ग प्रश्न काढायला बसलाय. मी म्हटलं, पाहुण्यांना काही प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांना त्रास होईल. शिवकन्या म्हणाली, "ते पावण्यांना ठरवू द्या की, मॅडम." तर ते तू ठरव.

तू आलीस तर बाबा माझ्या घरी पाऊल ठेवणार नाहीत, असा त्यांचा निरोप आलाय. तुला बोलावतेय हे मी त्यांना कळवलंय. विचारलेलं नाही, कळवलंय. दिवस आणि वेळही कळवली आहे, आणि एक खुर्ची त्यांच्यासाठीही ठेवणार आहे. बसायचं की नाही ते त्यांनी बघावं.

तुला माझा राग आला असेल, इतक्या उशिरा कळलं म्हणून. तो समोर येऊन काढ. मी ऐकून घेईन.

तुझी हक्काची भाची,
स्वरदा
नर्मदाबाईंची नात, लीलाच्या भावाची मुलगी