पहिला हात

रवि. ता. ४
मार्केट यार्डात साहेबांची शोकसभा. मी लई रडले, खरंखुरं. वीस वर्षं त्यांच्यासाठी गावोगाव फिरले. दसऱ्याला म्हणाले होते, "आपला जि. प. गट बायांसाठी सुटला की फॉर्म तुझाच." गट सुटला, पण साहेब गेले.

दोन मिनिटं उभं राहून झालं अन् लगेच माइकवर ठराव. उमेदवार साहेबांची सून. संमती असेल त्यांनी हात वर करा. माझाच पहिला गेला! पुढं बसायचं, आधी आपण हात वर करायचा, मग मागच्या बाया करतात. मेली वीस वर्षांची सवय. खाली घ्यायची लाज वाटली.

सोम. ता. ५
यांनी गिरणी बंद करून विचारलं, हात वर करायला कुणी सांगितलं होतं? दोघंही जेवलो नाही.

गुरु. ता. ८
साहेबांचे चिरंजीव, दादा, घरी आले. वहिनींचा, म्हणजे सुनेचा, अर्ज बाद झालाच तर सोय म्हणून माझा डमी भरायचा, अपक्ष. मग काढून घ्यायचा. तुमच्याशिवाय भरवसा कुणावर ठेवू काकू, म्हणाले. भरला.

वहिनी लातूरहून लग्न होऊन आलेल्या. वाईट नाही पोरगी, पाया पडली. गटातल्या गावांची नावं लिहून द्या म्हणाली. दिली सगळी, कुठं कुणाच्या ओसरीवर बसायचं तेही. लिहिताना जीव जळत होता, तरी एक गाव सोडलं नाही.

सोम. ता. १२
छाननी. दोघींचे अर्ज मंजूर. तिसरा कुणी भरलाच नाही, भरणार कोण! म्हणजे मी काढला की वहिनी बिनविरोध.

बचत गटातली सुभद्रामावशी एसटी स्टँडवर भेटली. "औंदा तरी मत टाकाया मिळल का? मागल्या बारीला बी बिनविरोधच केलं तुमी."
तुमी. खरंच की. मागच्या वेळी समोरच्या बाईची, अर्ज मागं घे म्हणून, समजूत काढायला मीच गेले होते. चहा पिऊन आले होते तिच्या घरी.

गुरु. ता. १५
माघारीचा शेवटचा दिवस. तीनपर्यंत. सही मीच अधिकाऱ्यासमोर जाऊन करायची. दादांची गाडी दहालाच दारात. यांनी गिरणी चालूच ठेवली.

तहसीलच्या आवारात गाडीत बसून लिहितेय. अडीच वाजले. दादा तीनदा येऊन गेले. पुढं तुमचं पंचायत समितीचं बघू म्हणतात. माघारीचा कागद मांडीवर, वहीखाली.

गेटपाशी सुभद्रामावशी अन् दहाबारा बाया बसल्यात. मी नाही बोलावलं. घोषणा नाही, काही नाही. सभेत बघतात तशाच बघतायत, काकू काय करते ते.

दादा परत येतायत. वही मिटते.