अडव की मला

२६ एप्रिल, शनिवार

आज बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला परत बेंचवर. कारण बस उशिरा आली. सर सगळ्यांसमोर, "गडमुडशिंगीहून वेळेत येता येत नसंल तर गावात कबड्डी खेळावी माणसानं." पोरी हसल्या. सगळ्यात मोठ्यानं कॅप्टन ऋतुजा. यापुढं नुसतं ऋ., पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही. बापाचं शाहूपुरीत टाइल्सचं दुकान, बुडाखाली स्कूटी. हिला बस काय ठाऊक.

निमंत्रित स्पर्धा पुढच्या महिन्यात, आमच्याच कोर्टवर. त्यातनंच विद्यापीठाच्या संघासाठी नावं जाणार. मला ते नाव पाहिजे. बाकी ह्यांच्यातलं काही नको.

दादाचा फोन. काश्मीरातल्या हल्ल्यानंतर त्याच्या युनिटच्या रजा रद्द. मेमध्ये येणार होता. आई "बरं" म्हणाली आणि त्याच्यासाठी आणलेली चादर परत कपाटात ठेवली.

३ मे, शनिवार

प्रॅ. मी बास्केटखाली मोकळी, हात वर. ऋ.नं बघितलं. नीट बघितलं. आणि पास दुसरीलाच दिला.

"मी दिसत न्हाय काय तुला?"

"दिसतीस की. विश्वास न्हाय तुझ्यावर."

सर म्हणे, भांडायचं असंल तर बिंदू चौकात जावा, तिथं सभेचा माईकबी मिळतोय.

तीन वर्षं झाली. एकदाही ह्या पोरींनी डब्याला बोलावलं नाही. मीही जात नाही आता.

७ मे, बुधवार

सकाळी तव्यावर भाकरी जळत होती आणि आई टीव्हीपुढं उभी. आपण हल्ला केलाय. दादाचा फोन बंद. त्यानं आधीच सांगितलेलं, "लागला न्हाय तर घाबरायचं न्हाय, फोन जमा करून घेत्यात." आई घाबरली नाही. फक्त दिवसभर रिमोट हातातनं सोडला नाही. घरात आम्ही दोघीच, कोण कुणाला समजावणार.

टीव्हीवरची माणसं किती ओरडतात. ह्यांच्या घरातलं कोण आहे तिकडं?

प्रॅ.ला गेले, घरात बसवेना. सर जवळ आले. "बाळ, भाऊ नक्की कुठं असतो गं?" बाळ! काल-परवापर्यंत मी 'ए मुडशिंगी' होते. सांगितलं नाही. "सीमेवर" म्हणाले, बास.

८ मे, गुरुवार

वाटलेलं उद्याची स्पर्धा रद्द होईल. उलट सरांनी ती 'जवानांना समर्पित' केली. त्यांना दादाचा वर्दीतला फोटो पाहिजे.

"न्हाय सर. त्यानं कुठं टाकायचा न्हाय म्हणून सांगितलंय."

"अगं, अभिमानाची गोष्ट हाय. कॉलेजचं नाव होतंय."

"न्हाय."

संध्याकाळी गेटवर फ्लेक्स. दादा, माणसाएवढा. खाली नाव, गाव, रेजिमेंट. वर सरांचा फोटो, हात जोडलेला. दिवाळीला तो आलेला तेव्हा मी टीमच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता, तोच. ऋ.नं काढून दिला. स्वतःच्या स्टेटसलाही ठेवलाय, वर तिरंगा.

मी तिला काढ म्हणाले. ती म्हणाली, "फोटो बघून काय त्याच्यावर रॉकेट पडणार हाय व्हय?"

कानाखाली मारली. आवाज अख्ख्या कोर्टवर गेला. मग गेटवर जाऊन फ्लेक्स ओढला, अर्धाच निघाला. दादाचा चेहरा फाटला मधोमध. तेवढं नको होतं व्हायला.

दुसरी कोण असती तर सरांनी आजच हाकलली असती. मला म्हणाले, "टेन्शनमध्ये हायस. उद्या फक्त खेळ." माझ्यासाठी नाही, उद्या माईकवर जवानाची बहीण पाहिजे म्हणून. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

९ मे, शुक्रवार

हे आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळे आपापलं सांगतील.

सांगलीच्या कॉलेजशी मॅच. फ्लेक्स रात्रीत नवा आणलेला. मी कोर्टवर उतरले तसं माईकवर, "सीमेवर लढणाऱ्या वीर जवानाची भगिनी!" लोक उठून उभे राहिले. टाळ्या. ऋ. पण वाजवत होती, गालावर माझी बोटं घेऊन.

मला अडवायला त्यांची उंच पोरगी होती. चांगली खेळते, मागच्या वर्षी हिनं मला रडवलेलं. बॉल घेऊन आत घुसले तर ती बाजूला झाली. बास्केट झाली. शिट्ट्या. परत घुसले, परत बाजूला. हात खाली सोडलेले.

मी म्हटलं, "अडव की मला."

ती हळूच म्हणाली, "राहू दे ताई. तुमच्यासाठी एवढं तरी."

जणू दादा गेलाच. जणू मी दुखवट्याला बसलेय आणि ही भेटायला आलीय.

बॉल टाकला नाही. बास्केटखाली तसाच धरून उभी राहिले, शिट्टी होईपर्यंत. पुढच्या वेळी बॉल सरळ तिच्या हातात दिला. "घे. आता खेळ."

ती रडायला लागली. मला तिचाही राग आला.

सरांनी ओढून बाहेर काढलं. एका बास्केटनं हरलो. पब्लिकमधनं कुणीतरी ओरडलं, "भाऊ तिकडं लढतोय आन् ही हितं नाटकं करतीया!" त्याला शोधत होते, दिसला नाही.

ऋ. बूट काढताना, "तुझ्या भावापायी हरलो."

"तुमच्या फ्लेक्सपायी."

तिनं बूट भिंतीवर फेकला. माझ्या डोक्याशेजारी. मुद्दाम चुकवला की चुकला, माहीत नाही.

१० मे, शनिवार

लढाई थांबली म्हणे. गल्लीत पेढे आले. आईनं हातात घेतला, खाल्ला नाही. दादाचा फोन बंदच.

१२ मे, सोमवार

दादा! दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरनं.

आई, "जेवलास काय?"

"व्हय."

"लागलं न्हाय न्हवं कुठं?"

"मला न्हाय."

मला न्हाय म्हणजे कुणाला? आईनं विचारलं नाही. मीपण नाही. मग मला, "मॅच जिंकलीस काय?"

"हरलो."

"बरं."

एवढंच. हरले की शिव्या घालणारा माणूस. "बॉलला मेहंदी लावत होतीस काय" म्हणणारा. बरं?

फोन ठेवल्यावर आई पहिल्यांदा रडली. मला नाही आलं रडू. माझ्या कानात ते बरं अडकलंय.

१५ मे, गुरुवार

सरांनी बोलावलं. बाळ संपलं, परत मुडशिंगी. "सगळ्या टीमसमोर माफी माग. मग विद्यापीठाला नाव पाठवतो. सोमवार शेवटचा."

"आणि फोटो विचारल्याशिवाय लावला त्याचं?"

"ते देशासाठी होतं."

देशाचा पत्ता ह्यांना विचारायला पाहिजे.

१७ मे, शनिवार

दुपारी दारात स्कूटी. ऋ.! गावात विहाराजवळचं घर विचारत आली. आईनं आत बोलावलं, चहा ठेवला. ती पंख्याखाली बसली, भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी दादाचा फोटो बघत. वर्दीतला नाही, शाळेतला.

"स्टेटस काढलंय. सरांनी फ्लेक्सबी काढलाय."

"आता? थांबल्यावर?"

"भाऊ बरा हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं की."

"काय झालं?"

तिनं बशीत चहा ओतला, फुंकला, पूर्ण प्याली. मग म्हणाली, "ती सांगलीची विद्यापीठाच्या टीममध्ये आली तर आपल्याला तिच्याबरोबर खेळायला लागंल. मला एकटीला नको. माग माफी आणि ये."

"आधी तू माग."

"कानाखाली मी खाल्ली. वर मीच मागू व्हय?"

"व्हय."

उठली. आईला वाकून नमस्कार केला, मला बघितलंसुद्धा नाही. गाडी वळवताना ओरडली, "सोमवारी सकाळी! आली न्हाईस तर मेलीस!"

आई कप उचलत, "मैत्रीण काय गं?"

"न्हाय."

"मग एवढ्या उन्हाची आली कशाला?"

काय सांगू. दादाला विचारावं म्हणून त्याचा नंबर लावला. दहा दिवसांनी पहिल्यांदा रिंग गेली, म्हणजे फोन परत मिळालाय. परत लावला. रिंग जातेय. उचलत नाही.